गोळीने थांबतं, मग काळजी कसली?

‘पाय दुखतो, पण गोळी घेतली की थांबतो, म्हणजे हाडात काही नाही.’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. हाडातल्या एका गाठीच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही कॅन्सर नसलेली गाठ. गाभा बहुतेकदा दीड सेंटीमीटरहून लहान, मुक्काम बहुधा मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात. पण ती प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं भरपूर तयार करते आणि विशेषतः रात्री ठणका लागतो. आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी नेमकी हीच रसायनं रोखते, म्हणून लवकर आराम पडतो. म्हणजे गोळीचा गुण येणं हीच इथे खूण!

मुलांमध्ये हे ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून दिलं जातं. खरं वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं आणि सकाळी मूल हुंदडत असतं. रोज एकाच जागी बोट ठेवून ‘इथेच’ म्हणणारं, लंगडणारं मूल वेगळं.

एक्स-रे स्वच्छ आला तरी विषय संपत नाही. गाठ खुब्याजवळ असली तर कधीकधी दुखतो गुडघा, आणि फोटोही निघतो गुडघ्याचाच. पातळ कापांच्या सीटी स्कॅनमध्ये गाभा सापडतो. मग सुईतून उष्णता देऊन तो जाळता येतो. सूज वाढत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र शंका वेगळ्या गाठीची. तिथे थांबायचंच नाही.