सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या कमतरतेचे मापन : स्त्रिया व बालके

लोह, आयोडीन, जस्त ही खनिजे आणि अ, ब-१२, ड, फोलेट ही जीवनसत्त्वे शरीराला अगदी थोड्या मात्रेत, मिलिग्रॅम वा मायक्रोग्रॅममध्ये लागतात. एखाद्या लोकसमूहाला ती पुरेशी मिळतात की नाही, हे रक्त, लघवी, डोळ्यांची तपासणी आणि आहाराची नोंद यांवरून ठरवले जाते. हे मापन मुख्यतः १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे व पाच वर्षांखालील मुलांचे होते. पाळीतून जाणारे रक्त, गर्भारपण आणि अंगावर पाजणे यांमुळे बाईची गरज वाढते; बाळाने आईकडून आणलेला लोहाचा साठा साधारण सहा महिन्यांत संपत येतो आणि त्याच सुमारास वाढीचा वेग मोठा असतो. पोटभर भाकरी-भात खाऊनही ही उणीव राहू शकते, म्हणून तिला छुपी भूक म्हणतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत आणि प्रजननवयातील सुमारे दोनतृतीयांश गर्भवती नसलेल्या स्त्रियांत किमान एका सूक्ष्म पोषकद्रव्याची कमतरता आहे. हा अंदाज मुलांसाठी लोह, जस्त व जीवनसत्त्व अ आणि स्त्रियांसाठी लोह, जस्त व फोलेट एवढ्या तीन-तीन घटकांवरच बेतलेला आहे.

या विषयाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान मुंबईत लिहिले गेले. ब्रिटिश वैद्यक ल्यूसी विल्स १९२८ मध्ये गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा (अ‍ॅनिमियाचा) अभ्यास करायला मुंबईत आल्या. या गरीब स्त्रियांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या, म्हणजे हा लोहाच्या अभावाचा रक्तक्षय नव्हता. यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त सुधारले, आणि १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट. त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले १९४१ मध्ये. पदार्थ हाती नसताना, पेशींचा आकार आणि उपचाराला मिळालेला प्रतिसाद या दोन खुणांवरून त्याची उणीव ओळखली गेली होती.

आज सर्वाधिक मोजले जाते ते हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतले प्राणवायू वाहणारे प्रथिन. ते ठरावीक सीमेखाली गेले की रक्तक्षय धरतात. मोजले जाते ते हेच, कारण ते स्वस्त आहे आणि दारातच मोजता येते. पूर्वी साहलीच्या पद्धतीत नळीतल्या रक्ताचा रंग नमुन्याच्या रंगाशी डोळ्यांनी ताडून पाहत. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीपासून बोट टोचून, हातात मावणाऱ्या यंत्रावर मोजणी सुरू झाली. पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त निघाल्या. त्याआधीच्या फेरीत हे आकडे ५८.६ आणि ५३.१ होते. पाच वर्षांत लोहाच्या गोळ्या वाढल्या आणि रक्तक्षयही वाढला, असे हे चित्र होते. साहजिकच मोजणीवरच प्रश्न आला.

प्रश्न रास्त होता, कारण २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने मुलांचे रक्त शिरेतून काढून प्रयोगशाळेतल्या स्वयंचलित यंत्रावर तपासले होते, आणि त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांतला रक्तक्षय ४०.५ टक्के आला होता. वयोगट तंतोतंत एक नाहीत, सहा ते अकरा महिन्यांची तान्ही मुले पोषण सर्वेक्षणात नाहीत. तरी एवढी तफावत केवळ त्याने भरून निघत नाही. बोटाच्या टोकाला टोचल्यावर रक्त आपोआप यावे लागते. ते येईना म्हणून बोट पिळले की पेशींबाहेरचे पाणी थेंबात मिसळते आणि रक्त पातळ होते. हात गार असेल, लॅन्सेट (टोचायची सुई) पुरेसे खोल गेले नसेल, थेंब नीट भरला नसेल, तर आकडा हलतो. मूल रडत असते, आई घाबरलेली असते आणि बाहेर पुढचे घर वाट पाहत असते. या घाईचा दोष सर्वेक्षकाच्या माथी मारणे मला पटत नाही. पद्धतच अशी नाजूक आहे.

दुसरा वाद रेषेचा, म्हणजे हिमोग्लोबिन कितीखाली गेले की रक्तक्षय म्हणायचे याचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये रूढ केलेल्या सीमा होत्या : पाच वर्षांखालील मुले व गर्भवती यांच्यासाठी दर डेसिलिटरला ११ ग्रॅम, इतर स्त्रियांसाठी १२ ग्रॅम. त्यामागचा आधार तुटपुंजा होता. २०२१ मध्ये भारतीय संशोधकांनी पोषण सर्वेक्षणातल्या निरोगी मुलांचे रक्त वेगळे काढून पाहिले, तेव्हा त्यांची सीमा बहुतेक वयांत खाली आली. ती लावल्यास १ ते १९ वयोगटातला रक्तक्षय ३० टक्क्यांवरून सुमारे ११ टक्क्यांवर येत होता. एवढ्यावरून प्रश्नच नव्हता असे म्हणता येत नाही, पण किती मुलांना खरोखर उपचार हवा याचे उत्तर मात्र बदलते. २०२४ मध्ये संघटनेने सीमा सुधारल्या : ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी १०.५ ग्रॅम, गर्भवतींसाठी पहिल्या व शेवटच्या तिमाहीत ११ आणि मधल्या तिमाहीत १०.५, कारण त्या काळात रक्तातला द्रव वाढतो आणि हिमोग्लोबिनचे प्रमाण उतरते. उंचावर राहणाऱ्यांचे व धूम्रपान करणाऱ्यांचे आकडे वेगळे दुरुस्त करावे लागतात.

शिवाय रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरणच अपुरे आहे. ‘अंगात रक्त नाही’ म्हटले की आपल्याकडे गूळ-शेंगदाणे पुढे येतात. पण नंदुरबार वा गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यावर त्याचे कारण सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असू शकते, तर दुसरीकडे ब-१२, फोलेट, जंत किंवा मलेरिया. पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या ३२ टक्के मुलांत लोह कमी होते. ते ओळखले फेरिटिनवरून. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारे प्रथिन. मुलांत दर लिटरला १२ मायक्रोग्रॅमखाली, स्त्रियांत १५ खाली गेले की साठा संपला असे धरतात.

अडचण अशी की जंतुसंसर्ग झाला, दाह उठला की फेरिटिन वाढते. सर्दी-तापाने आठवडाभर आजारी असलेल्या मुलाचा लोहाचा साठा कागदावर भरलेला दिसतो. जीवनसत्त्व अ दर्शवणारे रेटिनॉल मात्र तापात उतरते, जस्तही उतरते. म्हणजे एकाच आजाराने एक कमतरता झाकली जाते आणि दुसऱ्या दोन फुगतात. म्हणून नमुन्यातच सीआरपी व एजीपी ही दाहाची प्रथिने मोजतात : पहिले झटकन चढते आणि उतरते, दुसरे रेंगाळते. त्यांच्या आधारे फेरिटिन गणिताने दुरुस्त करतात, किंवा संसर्ग असलेल्यांसाठी सीमाच मुलांत ३० व स्त्रियांत ७० वर नेतात. ही दुरुस्ती नसलेला आकडा मी तरी पुरावा म्हणून धरणार नाही.

जीवनसत्त्व अ मोजण्याची जुनी रीत डोळ्यांची. तिन्हीसांजेला मूल चाचपडते का, हे आईला विचारत. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा बिटॉटचा ठिपका शोधत. शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या ०.५ टक्क्यांहून अधिक मुलांत तो आढळला तर तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जाई. याच अंधत्वाच्या भीतीने १९७० मध्ये भारतात जीवनसत्त्व अ च्या मोठ्या मात्रा पाजण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आता रक्तातले रेटिनॉल मोजतात. पण यकृताचा साठा जवळपास सरेपर्यंत ते टिकून राहते, त्यामुळे सौम्य उणीव त्यात दिसत नाही. पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १८ टक्के मुलांत ते कमी होते.

आयोडीनचा बहुतेक भाग लघवीतून जातो, म्हणून लघवी तपासतात. एका माणसाचा एका वेळचा नमुना काहीच सांगत नाही, कारण आकडा दिवसागणिक बदलतो. गावाची मध्यसंख्या, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र बोलते. मुलांसाठी दर लिटरला किमान १०० मायक्रोग्रॅम आणि गर्भवतींसाठी १५० हवी. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला; गलगंड उतरला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आज सर्वेक्षक स्वयंपाकघरातले चिमूटभर मीठ मागून त्यावर द्रावणाचा थेंब टाकतो. मीठ निळे-जांभळे झाले की आयोडीन आहे.

जस्ताचा नमुना सर्वांत हट्टी. नळीच्या रबरी बुचातले, हवेतल्या धुळीतले जस्त त्यात उतरते, पेशी फुटल्या तरी आकडा चढतो, आणि रक्त सकाळी घेतले की दुपारी, उपाशीपोटी की जेवून, हेही लिहून ठेवावे लागते.

ब-१२ ची कथा पुण्याची आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत ब-१२ कमी होते, फोलेट मात्र बहुतेकींत पुरेसे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ज्या मातांचे ब-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी खूण, अधिक आढळला. दूध-दही बेताचे आणि मांस क्वचित असा आहार असलेल्या प्रदेशात फक्त हिमोग्लोबिन मोजले असते, तर हे कधीच दिसले नसते.

रक्ताशिवायचे मापन म्हणजे आहाराची उजळणी. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?’ असे विचारून, प्रमाणित वाट्या-पळ्या समोर मांडून चोवीस तासांची नोंद करतात. २०१७ च्या भारतीय अन्नघटक कोष्टकांत ५२८ पदार्थांचे घटक दिलेले आहेत, त्यांवरून हिशेब होतो. पण सगळ्यांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणारी बाई स्वतःचा घास मोजत नाही. काल चतुर्थी असेल तर नोंद साबुदाण्याची होते. म्हणून काही घरांत मध्ये दिवस सोडून पुन्हा विचारतात. झटपट निर्देशांकात दहा अन्नगटांपैकी पाच तरी आले का एवढेच पाहतात. तो समूहासाठी आहे, एकटीच्या निदानासाठी नाही.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची मोजणी वगळली गेली. तिच्या जागी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आहार व जैवसूचक सर्वेक्षण आखले गेले, ज्यात रक्त शिरेतून घेतले जाते. मापन अधिक नेमके होईल, पण १९९८ पासूनची मालिका तुटेल : बोटाच्या थेंबाचे जुने आकडे शिरेच्या रक्ताशेजारी थेट मांडता येणार नाहीत. शीतपेटीतून प्रयोगशाळेत गेलेल्या नळीचा अहवालही त्याच दिवशी हातात येत नाही. बोट टोचून मोजलेला आकडा मात्र तिथेच त्या बाईला सांगता येतो, आणि तो फार खाली असेल तर तिला लगेच आरोग्यकेंद्रात पाठवता येते. गावातल्या परिचारिकेच्या पिशवीत हे यंत्र त्यासाठीच असते.