क्रेडिट रिपोर्टमधली चूक दुरुस्त करायला टाळाटाळ होतेय? तक्रार, कागदपत्रं आणि रोजच्या १०० रुपयांचा नियम

कर्ज फिटून वर्ष झालं, नो ड्यूज प्रमाणपत्र कपाटात आहे, आणि गृहकर्जाची फाइल टाकल्यावर कळतं की क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदींच्या अहवालात, ते जुनं कर्ज अजून चालूच दिसतंय. शाखेत विचारलं तर "सिस्टीममधून आपोआप अपडेट होईल". कस्टमर केअरला फोन केला तर "पंचेचाळीस दिवस थांबा". रिपोर्ट देणाऱ्या कंपनीला विचारलं तर "बँकेने कळवलं की बदलू". या टोलवाटोलवीला रिझर्व्ह बँकेने मुदत घालून दिली आहे. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा, की पहिली तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे. नाही लागला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या वजा होत नाहीत.

त्यामुळे सगळं अडतं ते पहिल्या तक्रारीच्या तारखेवर. तोंडी विचारणा, फोन, शाखेतल्या ओळखीच्या साहेबांना केलेला व्हॉट्सअ‍ॅप यांची पोच तुमच्याकडे नसते, म्हणून मुदतही मोजता येत नाही.

आधी रिपोर्ट काढा

भारतात क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यांना मिळून "सिबिल" म्हणतो, पण चौघींचे रिपोर्ट वेगळे असतात आणि चूक एकीकडे असून दुसरीकडे नसू शकते. प्रत्येक कंपनीने दर कॅलेंडर वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यायचा आहे. तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. एखाद्या अ‍ॅपवर नुसता स्कोअरचा आकडा दिसतो, त्यावर तक्रार करता येत नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती उगाच पसरली आहे.

रिपोर्ट हातात आला की वर छापलेला कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा क्रमांक) टिपून ठेवा, तक्रारीत तो लागतो. मग खात्यांची यादी नीट वाचा. बंद झालेल्या कर्जासमोर "क्लोज्ड" आणि शिल्लक शून्य हवी. त्याखाली महिन्यागणिक चौकटी असतात. हप्ता किती दिवस थकला ते तिथे कळतं. "०००" म्हणजे वेळेवर, "०३०" म्हणजे तीस दिवस उशीर, "एक्सएक्सएक्स" म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. शेवटी चौकश्यांची यादी असते, म्हणजे कर्जाच्या अर्जासाठी तुमचा रिपोर्ट कोणी कोणी मागवला ते. तिथे कधी नाव न ऐकलेली वित्तसंस्था दिसली, तर तुमच्या पॅनवर कोणी अर्ज केलाय का ते लगेच शोधा.

तक्रार कोण करू शकतं, आणि कशाची नाही

रिपोर्ट ज्याच्या नावाचा, तो तक्रारदार. जामीनदारही यात आले. आपल्याकडे मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला सही देऊन विसरून जाणारे पुष्कळ. ते कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही दिसतं.

स्कोअर कसा काढला, यावर या नियमाखाली दाद मागता येत नाही. तक्रार माहितीच्या चुकीबद्दल हवी. दुसरं म्हणजे "सेटल्ड" शेरा. बँकेशी तडजोड करून थोडी रक्कम माफ करून घेतली असेल, तर तो शेरा चूक नाही, आणि उरलेले पैसे भरल्याशिवाय "क्लोज्ड" होईल अशी आशा धरू नका. पैसे घेऊन "सिबिल साफ" करून देतो म्हणणारे एजंट नेमके इथेच लोकांना फसवतात.

कागदपत्रं

पॅन आणि पत्त्याचा पुरावा तर लागतोच. आधार द्यायचं तर शेवटचे चार अंक सोडून बाकी झाकलेलं द्या. खरं वजन असतं ते पुढच्या कागदांना: नो ड्यूज प्रमाणपत्र किंवा कर्जबंदीचं पत्र, कर्ज खात्याचा शून्य शिल्लक दाखवणारा उतारा, शेवटच्या भरण्याचा व्यवहार क्रमांक, आणि चुकीच्या नोंदीवर खूण केलेलं रिपोर्टचं पान. कर्ज तुम्ही घेतलंच नसेल, तर १९३० या क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर नोंदवलेल्या तक्रारीची प्रत जोडा.

तक्रारीत बँक खात्याचा तपशील किंवा यूपीआय आयडी द्यायला विसरू नका. भरपाई तिथेच येते, आणि तो बरोबर देणं ही तक्रारदाराची जबाबदारी आहे.

तक्रार कुठे टाकायची

बँकेकडे किंवा रिपोर्टच्या कंपनीकडे, दोन्ही चालतं. माझं मत विचाराल तर एकाच दिवशी दोन्हीकडे टाका. कंपनीच्या संकेतस्थळावर "डिस्प्यूट" नोंदवा, आणि बँकेच्या तक्रार निवारण ईमेलवर लेखी पाठवा. बँकेने माहिती सुधारून २१ दिवसांत कंपनीला द्यायची असते. तिने ती दिली नाही, तर भरपाई बँकेकडून. बँकेने वेळेत दिली आणि तरी ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर भरपाई कंपनीकडून. कोण कुठे अडलं हे त्यांचं त्यांनी बघावं, तुम्ही दोघांकडची पोच जपा.

ईमेल लांबलचक नको. एवढं पुरे: "माझे वैयक्तिक कर्ज खाते क्रमांक अमुक, दिनांक तमुक रोजी पूर्ण फेडले आहे. प्रमाणपत्र जोडले आहे. माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये (कंट्रोल नंबर अमुक) ते थकीत दिसते. कृपया माहिती दुरुस्त करून कळवावे. ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रतिदिन १०० रुपये भरपाई खालील खात्यात जमा करावी."

यातली एक खोच लक्षात ठेवा. बरेचदा काही न करता तिकीट "निकाली" म्हणून बंद करतात आणि नवी तक्रार टाकायला सांगतात. नवी टाकलीत तरी तिच्यात पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लिहा, कारण नियमात दिवस पहिल्या नोंदणीपासून मोजायचे आहेत. निकाल ७० व्या दिवशी लागला, तर ४० दिवसांचे ४,००० रुपये होतात. ते निकालानंतर कामकाजाच्या पाच दिवसांत जमा व्हायला हवेत.

तक्रार फेटाळली तर कारण कळवणं बंधनकारक आहे. कारण देऊन मुदतीत फेटाळली, तर रोजचे पैसे मिळत नाहीत, पण पुढची वाट मोकळी राहते.

पुढची वाट: लोकपाल

३० दिवस उलटले, उत्तर पटलं नाही किंवा भरपाई नाकारली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. रिपोर्टच्या चारही कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून त्यांच्या कक्षेत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर मोबाइलचा ओटीपी टाकून तक्रार होते, फी नाही. माहिती हवी असेल तर १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, प्रकरण कोर्टात असेल, किंवा वकिलामार्फत तक्रार आली, तर ती घेत नाहीत. इथेही मुदत असते, तेव्हा महिनोन्‌महिने बसून राहू नका.

पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. तिथलं कर्ज, तिथला दाखला अडला असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

आणि बाकीच्या कंपन्या? शॉपिंग अ‍ॅप, क्लास, जिम अशांकडे आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा आणि ती पुसायला सांगण्याचा हक्क डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण हक्कांची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तिथे तक्रारीला उत्तर द्यायची कमाल मुदत ९० दिवस आहे आणि दंड झाला तरी तो सरकारजमा होतो. रोजचे शंभर रुपये थेट आपल्या खात्यात, अशी तरतूद त्या कायद्यात नाही.