रेडिएशनची तारीख लांबू नये म्हणून: बेळगाव भागातल्या रुग्णांसाठी कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी रेशन कार्ड काढून बघा. रेडिएशनला (आपल्याकडे बरेच जण ‘लाइट देणे’ म्हणतात) थांबावं लागतं ते मशीनवर गर्दी असते म्हणून, हे खरंच. पण माझ्या काकांचे अठरा दिवस नुसत्या कागदांत गेले. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. त्यातले अठरा दिवस असे गेलेले मला अजून टोचतात.

कर्नाटकात ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजना २०१८ पासून आहे. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मोफत. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या दराच्या ३० टक्के रक्कम मिळते, वर्षाची मर्यादा दीड लाख. उरलेलं आपण भरायचं. आधार आणि रेशन कार्ड घेऊन गेलात तर योजनेचं कार्ड ग्राम वन केंद्रातही (गावातलं सरकारी सेवा केंद्र) निघतं.

आम्ही चुकलो ते इथं. थेट मोठ्या खाजगी दवाखान्यात गेलो आणि दोन फेऱ्या झाल्यावर कळलं की सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. तातडीचे ठराविक उपचार सोडले तर ती लागतेच. म्हणून आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या सिव्हिलमध्ये जा. बायोप्सी रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआय, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा.

दुसरी अडचण नावाची. काकांच्या रेशन कार्डावर कन्नडमध्ये फक्त नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर मात्र आडनावासकट. तेवढ्यावरून अर्ज अडला. चंदगड, गडहिंग्लजकडून लग्न होऊन इकडे आलेल्या बायकांचं तर नावच कधी कधी माहेरच्या कार्डावर राहिलेलं असतं. घरात कुणी आजारी नसतानाच हे दुरुस्त करून घ्या, असं मी भेटेल त्याला सांगते.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. ती घ्यायची तर उपचार त्या योजनेच्या अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयातच व्हायला हवेत. आधी १५५३८८ वर फोन करून आपलं गाव आणि लागणारे कागद विचारा. एका योजनेत सुरुवात करून मधेच दुसरीकडे जाऊ नका. एका मशीनवरचं प्लॅनिंग (लाइट नेमकी कुठं आणि किती द्यायची याची आखणी) दुसरीकडे सहसा चालत नाही, सगळं पुन्हा करावं लागतं.

कागद पुरे झाले की रुग्णालयातला आरोग्यमित्र (योजनेचं काम बघणारा माणूस) ते ऑनलाइन मंजुरीसाठी पाठवतो. ते पाठवण्याआधीच डॉक्टरांना दोन तारखा विचारा: प्लॅनिंगचा सीटी कधी आणि पहिली लाइट कधी. दोन्ही फाइलवर लिहून घ्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत (एनएचएस) कॅन्सरचे उपचार ठरल्यापासून ३१ दिवसांत ते सुरू व्हावेत असं ठरवून दिलेलं आहे. आपल्याला तारीख आपणच मागावी लागते, आणि ती मागण्यात संकोच कसला? तारीख फार लांबची मिळाली तर हुबळीच्या नवनगरमधल्या कॅन्सर रुग्णालयात किंवा बेंगळुरूच्या किदवई कॅन्सर रुग्णालयात चौकशी करा, पण मंजुरीला पाठवण्याआधी.

तोंड-घशाच्या रुग्णांनी या थांबण्याच्या दिवसांत दात दाखवून घ्यावेत. किडलेला दात रेडिएशनच्या आधीच काढतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात. काकांची दाढ ऐनवेळी निघाली आणि लाइट देताना डोकं हलू नये म्हणून लागणारा चेहऱ्याचा जाळीदार मास्क बनवायचं काम पुढे गेलं. गरम पाण्यात मऊ केलेली ती प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ओढून बसवतात. काका त्यात डोळे घट्ट मिटून पडले होते.

एकदा सुरू झालं की आठवड्याचे पाच दिवस, बहुतेकदा पाच ते सात आठवडे. मधे खाडा नको. परगावी जायचं असेल तर रुग्णालयाकडून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के.