ड्रायव्हर जागेवर असूनही जोडणी का होत नाही?

जावामधला प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर डेटाबेसमधील नोंदी बिनतक्रार वाचतो, मात्र तोच कोड टॉमकॅट या जावा वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरवर चढवला की ‘नो सूटेबल ड्रायव्हर’ असा संदेश येतो. अशा वेळी पासवर्ड बदलून पाहण्यात काहीच अर्थ नसतो, कारण विनंती अजून डेटाबेसपर्यंत गेलेलीच नसते.

जावा आणि डेटाबेस यांना जोडणारे जेडीबीसी हे मानक १९९७ पासून जावाचा भाग आहे. डेटाबेसशी प्रत्यक्ष संवाद साधणारा ड्रायव्हर मात्र वेगळ्या जार फाइलमध्ये, म्हणजे जावाचे क्लास एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, मिळतो. पूर्वी ड्रायव्हरच्या क्लासचे नाव कोडमध्ये लिहून तो लोड करावा लागे. २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून ड्रायव्हर-मॅनेजर हा जावाचा ड्रायव्हर शोधणारा भाग हे नाव जारमधल्या ‘मेटा-इन्फ/सर्व्हिसेस’ फोल्डरातून स्वतःच वाचतो. खरी मेख इथेच आहे: हा शोध एकदाच घेतला जातो आणि टॉमकॅट तो स्वतः सुरू होतानाच उरकून घेतो. तेव्हा अ‍ॅप्लिकेशन लोड झालेले नसल्याने त्याच्या स्वतःच्या ‘वेब-इन्फ/लिब’ फोल्डरातला ड्रायव्हर नजरेतून सुटतो. म्हणून एक तर ‘क्लास.फॉरनेम’ ही ड्रायव्हर लोड करणारी जुनी ओळ पुन्हा लिहावी, किंवा डेटासोर्सची, म्हणजे जोडणीच्या तपशिलांची, नोंद टॉमकॅटच्या कॉन्फिगरेशनमध्ये करून जार टॉमकॅटच्या स्वतःच्या ‘लिब’मध्ये ठेवावी. मला दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण त्यात पासवर्ड कोडबाहेर राहतो. खात्रीसाठी म्हणून जार दोन्हीकडे ठेवणे मात्र टाळावे. एकच क्लास दोनदा लोड झाला की नवेच घोटाळे सुरू होतात.

मायएसक्यूएल या डेटाबेससाठी जोडणीच्या पत्त्याची सुरुवात ‘जेडीबीसी:मायएसक्यूएल:’ अशी असते आणि हा पत्ता आपल्यासाठी आहे की नाही, हे ड्रायव्हर तिच्यावरूनच ओळखतो, त्यामुळे एखादे अक्षर चुकले तरी हाच संदेश दिसतो.

इतर त्रुटींत मूळ कारण सांगणारी सर्वांत खालची ‘कॉज्ड बाय’ ओळ आधी वाचावी. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर वर ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ एवढेच मोघम सांगतो. खाली ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर दिलेल्या पोर्टवर, म्हणजे सहसा ३३०६ वर, जोडणी स्वीकारली जात नाही, हे कळते. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आले तर ड्रायव्हर आणि नेटवर्क ठीक आहेत. तपासायचे ते वापरकर्ता, पासवर्ड आणि परवानग्या. ‘नो-सच-मेथड-एरर’ बहुधा एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकत्र आल्याचे लक्षण असते.

अ‍ॅप्लिकेशन काही तास चालून मग अडकत असेल, तर जोडण्या बंद होतात का ते पाहावे. हिकारीसीपी ही लायब्ररी तयार जोडण्यांचा साठा, म्हणजे पूल, सांभाळते आणि सेटिंग न बदलल्यास त्यात जास्तीत जास्त १० जोडण्या असतात. त्या परत न केल्यास अकरावी विनंती ३० सेकंद थांबून अपयशी ठरते. ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ही काम संपताच जोडणी आपोआप बंद करणारी जावाची रचना वापरल्यास त्रुटी आली तरी जोडणी पूलमध्ये परत जाते.