जुन्या मॅगझीनमधली तुटलेली स्प्रिंग

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बंदुकीत लाकूड टिकते, नळी टिकते, बोल्टही (काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा दांडा) बहुधा टिकतो. तुटते ती बहुतेक वेळा एखादी स्प्रिंग. मॅगझीनमधली, म्हणजे बंदुकीत काडतुसे साठवण्याच्या भागातली स्प्रिंग तर सर्वात उपेक्षित. एका अंधाऱ्या, दमट डबीत ती वर्षानुवर्षे दबून असते, तिला तेल क्वचितच मिळते आणि बाहेरून ती कुणाला दिसत नाही. एके दिवशी काडतुसे वर सरकेनाशी होतात, मॅगझीन उघडल्यावर आत दोन तुकडे निघतात आणि मालकाच्या तोंडून पहिला प्रश्न येतो, "हे जोडून मिळेल का?" मिळत नाही. स्प्रिंग का जोडता येत नाही आणि नवी करायची तर नेमके काय पुन्हा घडवावे लागते, हे समजून घेताना पोलाद नावाच्या पदार्थाची बरीचशी ओळख होऊन जाते.

मॅगझीनचे काम आधी पाहू. 1860 साली अमेरिकेत ज्या स्पेन्सर आणि हेन्री रायफलींची पेटंटे घेतली गेली, त्यांत काडतुसे एका नळीत एकामागे एक ठेवलेली असत आणि लांबलचक गुंडाळी स्प्रिंग त्यांना पुढे रेटत असे. 1879 मध्ये जेम्स पॅरिस ली यांनी काढता-घालता येणाऱ्या पेटीवजा मॅगझीनचे पेटंट घेतले. या पेट्यांमध्ये काडतुसे एकावर एक बसतात आणि खालून वर ढकलणारी स्प्रिंग बहुधा चपट्या पट्टीची, नागमोडी घड्या घातलेली असते. ली-एनफिल्ड रायफलीच्या दहा काडतुसांच्या मॅगझीनमध्ये अशीच पट्टी आहे. एका काडतुसाचे वजन साधारण 25 ग्रॅम धरले, तर भरलेल्या मॅगझीनमध्ये पाव किलोचा भार होतो, आणि बोल्ट मागे जाऊन पुढे येण्याच्या क्षणार्धात तो वर उचलला गेला पाहिजे. यातली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते: मॅगझीन पूर्ण भरलेले असताना स्प्रिंग सर्वात जास्त दबलेली, म्हणून सर्वात जोरदार असते, आणि भारही तेव्हाच सर्वात जास्त असतो. काडतुसे कमी होत जातात तसा भार घटतो आणि स्प्रिंगचा जोरही घटतो. मात्र शेवटच्या काडतुसालाही पुरेसा रेटा मिळावा, म्हणून रिकाम्या मॅगझीनमध्येही स्प्रिंग बरीचशी दाबूनच बसवावी लागते. तिला पूर्ण विश्रांती अशी कधीच मिळत नाही.

आता तुटलेला तुकडा हातात घेऊन दहापट भिंगाखाली धरावा. तुटण्याची जागा बहुतेकदा घडीच्या वळणावर असते. तुटलेल्या तोंडावर दोन वेगळे भाग दिसतात. एका कडेला काळसर किंवा तांबूस, गुळगुळीत भाग असतो आणि त्यावर कधी कधी वाळूवर ओसरत्या पाण्याने सोडलेल्या रेघांसारख्या कमानी उमटलेल्या असतात. उरलेला भाग करडा, खरबरीत आणि स्वच्छ चमकणारा असतो. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती वर्षानुवर्षे केसाकेसाने पुढे सरकत होती, तिच्या आत ओल शिरत होती, म्हणून तिथे गंज चढला आहे. चमकता भाग शेवटच्या क्षणी तुटला. उरलेली जाडी भार पेलेना तेव्हा एका झटक्यात सगळे संपले. म्हणजे मालकाला "काल अचानक तुटली" असे वाटणारी स्प्रिंग प्रत्यक्षात कित्येक वर्षे तुटतच होती.

धातूच्या या थकव्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास रेल्वेच्या आसांवर झाला. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी 1850 नंतरच्या दोन दशकांत आसांचे नमुने पुन्हा पुन्हा वाकवून दाखवून दिले, की एका वेळी सहज पेलता येणारा भारही हजारो-लाखो वेळा चढवला-उतरवला, तर धातू तुटतो. पोलादाच्या बाबतीत दिलासा असा, की ताण एका ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद वेळा वाकू शकते. पण ही मर्यादा गुळगुळीत, निर्मळ पृष्ठभागासाठी आहे. पट्टी वाकते तेव्हा तिच्या मधल्या थराला काहीच ताण नसतो. सगळ्यात जास्त ताण अगदी बाहेरच्या कातडीवर पडतो. त्याच कातडीवर गंजाने सुईच्या टोकाएवढा खड्डा पाडला, की त्या खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो आणि तिथून चीर सुरू होते. म्हणून मॅगझीनमधल्या स्प्रिंगला मारणारे मुख्य कारण वापर नसून ओल आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

"भरून ठेवलेल्या मॅगझीनची स्प्रिंग मरते" असा एक जुना समज आहे. स्प्रिंग नीट आखलेली असेल, तर नेहमीच्या तापमानाला नुसते दबून राहिल्याने तिचे फारसे नुकसान होत नाही. सुरुवातीला ती किंचित बसते, म्हणजे कायमची थोडी आखूड होते, आणि मग स्थिरावते. पुन्हा पुन्हा दबणे-सुटणे आणि गंज या दोन गोष्टी तिला जास्त झिजवतात. मात्र कमी प्रतीच्या किंवा नीट टेंपर न केलेल्या (कठीण केल्यावर पुन्हा बेताने तापवून चिवट न केलेल्या) पोलादाची स्प्रिंग बसते ती बसतेच. अशी बसलेली स्प्रिंग हाताने ताणून लांब करण्याचा मोह सर्वांना होतो, आणि काही दिवस ती कामही करते. पण धातू एका दिशेने कायमचा वाकवला, तर उलट दिशेने तो पूर्वीपेक्षा कमी ताणाला नमतो. योहान बाउशिंगर यांनी 19व्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदवलेला हा गुणधर्म त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ताणून वाढवलेली स्प्रिंग दबावाखाली लवकरच पुन्हा बसते ती याचमुळे.

मग तुकडे जोडायचे का नाहीत? वेल्डिंगमध्ये सांध्याजवळचे पोलाद वितळते आणि शेजारचे लालबुंद होते. पितळी किंवा चांदीच्या डाकालाही 600 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते. स्प्रिंगचा गुण तिला ज्या तापमानाला टेंपर केलेले असते त्यावर अवलंबून असतो. त्यापेक्षा जास्त तापली, की त्या पट्ट्यातला गुण निघून जातो आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना मऊ पट्टे तयार होतात. कथलाचा डाक 200 अंशांच्या आसपास बसतो, त्याने पोलाद बिघडत नाही, पण स्प्रिंगच्या कातडीवर येणाऱ्या ताणाच्या मानाने तो डाक म्हणजे मेण. गुंडाळी स्प्रिंगचे दोन तुकडे तसेच नळीत ठेवले, तर ते एकमेकांच्या वेढ्यांत आट्यांसारखे शिरतात आणि लांबी घटते. त्यातला एकच तुकडा वापरावा म्हटले, तर आणखी एक घोटाळा होतो: अर्धी स्प्रिंग मूळ स्प्रिंगच्या दुप्पट ताठ असते. वेढे निम्मे झाले, की तेवढेच दाबायला प्रत्येक वेढ्याला दुप्पट पिळावे लागते.

या ताठपणाचा नियम रॉबर्ट हूक यांनी मांडला. 1676 मध्ये त्यांनी तो एका लॅटिन वाक्याची अक्षरे वर्णक्रमाने लावून, कोड्याच्या रूपात प्रसिद्ध केला आणि 1678 मध्ये उकल दिली: "उत तेन्सिओ, सिक व्हिस", म्हणजे ताण जितका, बल तितके. मात्र हूकच्या नियमातला जो स्थिरांक आहे, तो पोलादाला पाणी दिल्याने, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केल्याने, बदलत नाही, हे पुष्कळ कारागिरांनाही सांगून पटत नाही. मऊ पोलादाची पट्टी आणि पाणी दिलेली पट्टी एकाच मापाच्या असतील, तर थोड्याशा भाराखाली दोन्ही तंतोतंत सारख्याच वाकतात. कारण ताठपणा लोखंडाच्या अणूंमधल्या बंधांतून येतो, आणि पोलाद कोणतेही असो, त्याचा प्रत्यास्थता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे 200 गिगापास्कलच राहतो. पाणी देण्याने वाढते ती परतीची हद्द. समजा पट्टी 1 मिलिमीटर जाडीची आहे. साध्या मऊ पोलादाची असेल, तर ती साधारण 40 सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलाभोवती वाकवेपर्यंत सरळ परत येते. त्याहून जास्त वाकवली तर वाकडीच राहते. तीच पट्टी 1400 मेगापास्कल ताण सोसणाऱ्या स्प्रिंग पोलादाची असेल, तर 7 सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत वाकवूनही ती पुन्हा सरळ होते. जोर दोघींचा सारखाच, पण एकीला परतीची वाट लवकर बंद होते.

म्हणून नवी स्प्रिंग करताना दोन गोष्टी वेगवेगळ्या सांभाळाव्या लागतात. आकार आणि माप जोर ठरवतात. पोलाद आणि उष्णोपचार आयुष्य ठरवतात. मापातली चूक किती महागात पडते, ते पट्टीच्या जाडीवरून कळते. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मूळ पट्टी 0.8 मिलिमीटरची असताना हाताशी होती म्हणून 1 मिलिमीटरची घेतली, तर जोर जवळजवळ दुप्पट होतो, आणि तेवढ्याच वाकण्याला कातडीवरचा ताण 25 टक्के वाढतो. "जरा मजबूत करू" म्हणून जाड केलेली स्प्रिंग आधी बोल्टला अडवते आणि मग मूळ स्प्रिंगपेक्षा लवकर तुटते. तुटलेल्या तुकड्याची जाडी मायक्रोमीटरने मोजावी, आणि तीही गंजाने न खाल्लेल्या चार-पाच जागी. गुंडाळी स्प्रिंगमध्ये तर तारेच्या व्यासाचा चौथा घात येतो, तेव्हा तिथे अंदाजाला अजिबात वाव नाही.

पोलादाच्या निवडीलाही इतिहास आहे. 1740च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या इंग्रज घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी एकसारखे पोलाद मिळेना, म्हणून त्याने मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली. त्याआधीच्या पोलादात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असे आणि स्प्रिंग नेमकी कमजोर जागी तुटे. आज चपट्या स्प्रिंगांसाठी साधारण 0.7 ते 1 टक्का कार्बन असलेली पट्टी मऊ अवस्थेत मिळते. ती आधी कापून, घासून, वाकवून हवा तो आकार द्यायचा आणि मग पाणी द्यायचे. वळणे टोकदार करू नयेत. वळणाची आतली त्रिज्या मूळ स्प्रिंगपेक्षा कमी झाली, की तिथेच पुढची चीर ठरली. घासण्याच्या शेवटच्या रेघा पट्टीच्या लांबीच्या दिशेने असाव्यात. आडव्या रेघा डोळ्यांना कितीही बारीक दिसल्या, तरी वाकणाऱ्या पट्टीसाठी ती प्रत्येक रेघ एक खाच असते.

पाणी देणे म्हणजे पोलाद सुमारे 800 अंशांपर्यंत तापवून तेलात एकदम थंड करणे. 770 अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक चिकटेनासे होते. जुन्या कारागिरांना ही खूण ठाऊक होती, आणि त्या खुणेच्या किंचित वर जाऊन ते पट्टी तेलात सोडत. तापलेल्या अवस्थेत कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत विरघळलेले असतात. सावकाश थंड होऊ दिले, तर ते बाहेर पडून वेगळे होतात. झटक्यात थंड केले, तर ते तिथेच अडकतात आणि जाळी ताणली जाऊन अत्यंत कठीण अशी रचना तयार होते. तिला आडोल्फ मार्टेन्स यांच्या स्मरणार्थ मार्टेन्साइट म्हणतात. या अवस्थेतली पट्टी काचेसारखी असते. फरशीवर पडली तरी तुटू शकते. शिवाय उघड्या जाळात फार वेळ तापवली, तर कातडीतला कार्बन जळून जातो आणि जिथे सर्वात जास्त बळ हवे तिथेच पोलाद मऊ पडते.

म्हणून पुढची पायरी टेंपरिंगची, आणि मला तरी सगळ्या कामातली हीच पायरी पाहायला सर्वात आवडते. पट्टी घासून लख्ख करायची आणि तापलेल्या वाळूवर सावकाश गरम करायची. 220 अंशांच्या आसपास फिकट पेंढ्यासारखा पिवळा रंग येतो, मग तो तपकिरी होतो, 280 अंशांच्या सुमारास जांभळा आणि 300च्या जवळ गडद निळा. हे रंग धातूचे नाहीत. पृष्ठभागावर वाढत जाणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे ते आहेत, साबणाच्या फुग्यावरच्या रंगांसारखेच. धार लावायच्या हत्याराला पिवळ्यावर थांबवतात. स्प्रिंगला निळ्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे न्यावे लागते, तेव्हा अडकलेल्या कार्बनपैकी काही बाहेर पडतो आणि ठिसूळपणा जाऊन चिवटपणा येतो. रंग वेळेवरही अवलंबून असतो, त्यामुळे तो अचूक मोजमाप नव्हे. 327 अंशांना वितळणाऱ्या शिशात पट्टी बुडवून ठेवण्याची रीत त्यासाठीच होती. शिशाची वाफ विषारी असल्याने आज तापमान नियंत्रित करता येणारी भट्टी वापरणेच शहाणपणाचे. नळीच्या मॅगझीनसाठी लागणारी तार मात्र बहुधा आधीच कठीण केलेली मिळते. ती गार असतानाच गुंडाळतात आणि नंतर 230 ते 260 अंशांवर अर्धा तास ठेवून गुंडाळताना आत साठलेला ताण घालवतात.

तयार स्प्रिंग चमकावी म्हणून तिला ॲसिडमध्ये बुडवणे किंवा तिच्यावर मुलामा देणे, हा शेवटच्या टप्प्यावर होणारा सर्वात दुःखद घात आहे. ॲसिडमधून सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. 1875 मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी ही गोष्ट नोंदवली होती. पोलाद जितके कठीण, तितका हा धोका मोठा. अशी स्प्रिंग दाबून ठेवली, तर कुणी हात न लावताही काही तासांनी किंवा दिवसांनी तुटते. पातळ तेलाचा हात पुरेसा आहे.

हे काम बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, मॅगझीन वेगळे काढून आणि परवानाधारक कारागिराकडूनच व्हावे, हे सांगायला नकोच. संग्रहातल्या वस्तूसाठी जुने तुकडे फेकू नयेत. मोजमापांच्या चिठ्ठीसह ते पाकिटात जपावेत आणि नवी स्प्रिंग नवी आहे अशी नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसगत होणार नाही. नवी स्प्रिंग बसवण्यापूर्वी तिची मोकळी लांबी मोजावी, मग ती पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडावी आणि पुन्हा मोजावी. पहिल्या दाबांत ती थोडी बसेल. ते अपेक्षितच आहे. त्यानंतर ती दाबलेल्या अवस्थेत रात्रभर ठेवावी. सकाळी लांबी कालच्याइतकीच भरली, तर ती मॅगझीनमध्ये घालायला हरकत नाही. आणखी घटली असेल, तर टेंपरिंग चुकले आहे आणि पट्टी पुन्हा भट्टीजवळ न्यावी लागेल.