सात हजार डॉलरांत काय आले आणि काय नाही

‘एल मारियाची’ हा १९९२ सालचा चित्रपट रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी अवघ्या ७,००० डॉलरांच्या आसपास केला, त्यामुळे कॅमेरा हाती आला की सेल्युलॉइडवर, म्हणजे फिल्मवर, कोणालाही स्वस्तात चित्रपट करता येतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. आकडा खोटा नाही, पण त्यात चित्रपटगृहात चालणारी प्रिंट धरलेलीच नाही. रॉड्रिगेझ यांनी चित्रीकरण १६ मिमी रुंदीच्या फिल्मवर केले, ते व्हिडिओवर उतरवून संकलन केले आणि त्या पैशांत जी हाती आली ती व्हिडिओ प्रत. पुढे कोलंबिया पिक्चर्सने चित्रपट विकत घेतल्यावर तो तेव्हा चित्रपटगृहांत चालणाऱ्या ३५ मिमी फिल्मवर आणणे आणि ध्वनीवर नव्याने काम करणे यांसाठी मूळ खर्चाच्या कितीतरी पट रक्कम लागली व ती स्टुडिओने भरली. दंतकथेत हा भाग सोयीस्करपणे गळतो.

काटकसर मात्र अस्सल होती. १६ मिमीचे ४०० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटे चालते. ते विकत घ्यायचे, मग प्रयोगशाळेत धुऊन घ्यायचे, मग व्हिडिओवर उतरवून घ्यायचे, असे एकाच फुटासाठी तीनदा पैसे मोजावे लागत असल्याने दुसरा टेक, म्हणजे तोच शॉट पुन्हा घेणे, ही चैनच ठरते. कॅमेरा उसना आणि घरघरणारा होता, म्हणून संवाद चित्रीकरणानंतर कलाकारांकडून पुन्हा म्हणवून वेगळे ध्वनिमुद्रित केले गेले. ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटू लागला की तेथेच कात्री लावून दुसरा शॉट जोडला जाई.