फुप्फुसांच्या जुनाट आजारात मांड्या का झिजतात?

निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत राबलेल्या किंवा खानापूरकडील खेड्यांत चुलीच्या धुरापुढे निम्मे आयुष्य काढलेल्या माणसांना सीओपीडी हा श्वासनलिका अरुंद करणारा आजार जडू शकतो. अशा वेळी घरच्यांचे लक्ष खोकल्याकडे आणि औषध ओढण्याच्या पंपाकडे असते. मांड्या बारीक होत चालल्या, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून दिले जाते.

धाप लागते म्हणून माणूस चालणे टाळतो आणि न वापरलेला स्नायू क्षीण होतो. त्यात शरीरभर रेंगाळणारा दाह, रक्तातील प्राणवायूची कमतरता, आजार बळावल्यावर घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि नुसत्या श्वासावर खर्च होणारी जादा ऊर्जा यांची भर पडते. मांडीच्या पुढील स्नायूतले, प्राणवायूवर दीर्घकाळ काम करणारे तंतू घटतात आणि लवकर थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण वाढते. असा स्नायू थोड्या श्रमानेही लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो बाहेर टाकण्याचा भार पुन्हा त्याच दुबळ्या फुप्फुसांवर पडतो. म्हणजे धापेचा काही भाग पायांमुळे येतो. याच रुग्णांच्या श्वासपटलात, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधील श्वासाच्या मुख्य स्नायूत मात्र, त्याला अहोरात्र जादा काम पडत असल्याने, असे दीर्घकाळ काम करणारे तंतू वाढलेले आढळतात. स्नायूला काम मिळणे किती महत्त्वाचे आहे, हे याहून स्पष्टपणे कशातून दिसावे?

वजनकाट्यावर विसंबू नये, कारण चरबी टिकून स्नायू घटू शकतात. हात छातीवर बांधून खुर्चीवरून ५ वेळा उठून बसण्यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांची ताकद कमी झाली असण्याची शक्यता असते.

‘आता आराम करा’ हा मायेचा सल्ला म्हणूनच घातक ठरतो. डॉक्टरांकडून हृदय आणि प्राणवायूची पातळी तपासून घेऊन, आठवड्यातून २-३ वेळा, किमान ६ ते ८ आठवडे चालण्याचा आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम केल्यास, फुप्फुसांच्या चाचणीचे आकडे फारसे न बदलताही धाप कमी होते. नुसत्या चटणी-भाकरीवर मात्र स्नायू भरून येत नाही. हुलगे, मटकी, शेंगदाणे, दूध किंवा अंडी रोज पोटात जायला हवीत. वयस्क रुग्णाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.